जाताना गुमान, येताना झुलतो: जीपमागच्या ट्रेलरचा दरवर्षीचा त्रास

जाताना काही होत नाही. येताना वेग साठच्या वर गेला की ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो. आधी हळू, मग जीपचं मागचं अंग ओढत. शेजारून एखादी एसटी सुसाट गेली की झोका एकदम वाढतो आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. वेग पन्नासच्या खाली आला की सगळं शांत, जणू काही झालंच नव्हतं. घरी आल्यावर मेकॅनिकला दाखवावं तर त्याच्यासमोर रिकामा ट्रेलर कोकरासारखा मागे येतो.

माझ्याकडे हा प्रकार ओळीने तीन हिवाळे झाला. ज्यांनी हल्ली बोलेरो, स्कॉर्पिओ किंवा पिकअपमागे छोटा राहुटी-ट्रेलर बांधून घेतलाय, त्यांच्यापैकी काहींना तरी हे लक्षण ओळखीचं वाटेल. कारण काय निघालं ते सांगतोच, पण आधी मी कुठे कुठे चुकलो ते सांगतो. त्यात पैसे गेलेत, निदान तुमचे वाचतील.

आमचा ट्रेलर म्हणजे दोन चाकांचा, एका आखाचा डबा. लांबी 2.6 मीटर, रुंदी दीड. पाट्यांची स्प्रिंग, प्लायच्या भिंती, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. आत दोन माणसांची गादी, एक छोटा ओटा आणि पुढच्या भिंतीला टेकवलेली शंभर लिटरची पाण्याची टाकी. टाकी मीच हट्टाने बसवून घेतली. लातूरचा माणूस पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आमच्याकडे, ते डोक्यातून जात नाही. हे विषयांतर नाही बरं का, ही टाकी पुढे येणार आहे.

ट्रेलर वर्षभर कडुलिंबाखाली उभा असतो आणि मुख्य करून एकदाच निघतो, माळेगावच्या यात्रेला. लोहा तालुक्यातलं खंडोबाचं माळेगाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि घोड्यांचा बाजार तर त्याच्या आधीपासूनच भरलेला असतो. आम्ही दोन दिवस आधी जातो, चतुर्दशीची पालखी बघतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात निघतो, कारण त्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. रानात कोप, म्हणजे कडब्याची खोपी, घातलेली, पूजा मांडायची, भज्जी-आंबील-उंडे, सगळं गणगोत येणार. म्हणजे परतीचा प्रवास दरवर्षी घाईचा, थंडीचा आणि बऱ्याचदा धुक्याचा. त्यामुळे मी पहिल्यापासून थंडीवर आणि घाईवर संशय घेत बसलो.

पहिल्या वर्षी टायर बदलले. जुन्या टायरांना बाजूने भेगा होत्या, तेव्हा तो खर्च वाया गेला असं म्हणणार नाही, पण झुलणं गेलं नाही. दुसऱ्या वर्षी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये पाटे उघडले, यू-बोल्ट नवे टाकले, आख तिरका आहे का ते दोरी धरून मोजलं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला, तो काढला. रिंगरोडवर ट्रेलर पळवून पाहिला, ऐंशीपर्यंत गेला, काही नाही. मी खूश. त्या डिसेंबरात अहमदपूर सोडलं आणि पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी हूक बदलला. आधीचा ट्रॅक्टरसारखा पिन-कडीचा होता, त्यात खडखड होती. त्या जागी 50 मिलिमीटरचा बॉल आणि त्यावर बसणारा कुलपाचा कपलर बसवला. खडखड गेली. झुलणं तसंच.

तिसऱ्या वर्षीचा झोका मात्र जिवावर बेतणार होता. शिरूर ताजबंदच्या अलीकडे उसाचा ट्रक ओव्हरटेक करून गेला. ट्रेलर हलला, मी घाबरून ब्रेक दाबला, आणि ब्रेक दाबताच डबा आरशात दिसायच्या ऐवजी खिडकीत दिसायला लागला. कसाबसा मुरमाच्या साईडपट्टीवर उतरून थांबलो. ही म्हणाली, "पुढच्या वर्षी मी एसटीनं येणार. तुम्ही या तुमचा डबा घेऊन." तिच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

गाडी उलाळ होते म्हणजे काय

घरी आलो. चाकांना दगड लावले, कपलर उघडला आणि दांडी एका हाताने उचलून बॉलवरून काढली. आबा ओसरीत कोवळ्या उन्हाला बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "येका हातानं उचललास?"

"हो. हलकाच आहे की."

"हलका कशाचा? उलाळ झालाय त्यो. म्हागं वझं घातलास, म्होरं काय ऱ्हायलंच न्हाई."

ज्यांनी बैलगाडी हाकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीत मागच्या अंगाला जास्त ओझं भरलं की पुढची बाजू वर उचलली जाते, त्याला उलाळ म्हणतात. जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि गाडी मागून झुलते. म्हणून गाडीत पोती रचताना थोडं ओझं जुवावर येईल असंच रचायचं. फार पुढेही नाही, नाहीतर बैल खाली दबतात. आबांच्या पिढीला हे शिकवावं लागत नसे. मला चाळीस वर्षांचा होईपर्यंत कळलं नाही आणि ज्या वर्कशॉपमध्ये मी पैसे दिले तिथेही कुणी विचारलं नाही की, बाबा रे, सामान कुठे भरतोस?

आता जाताना-येताना फरक का, ते आपोआप उलगडतं. जाताना पुढची टाकी भरलेली, लिटरला एक किलो म्हणजे शंभर किलो वजन चाकांच्या पुढे. येताना टाकी रिकामी. आणि यात्रेत घेतलेल्या घोंगड्या, लोखंडी कढया, जनावरांच्या साखळ्या, घुंगुरमाळा, शेजाऱ्यांनी सांगितलेलं सामान, हे सगळं मागच्या दारातून आत ढकललेलं. पहाटेच्या अंधारात कोण आत शिरून नीट रचतो? पुढचं वजन गेलं, मागचं वाढलं. मेकॅनिकसमोर ट्रेलर रिकामा, म्हणून तिथे दोष दिसायचाच नाही.

काटा काय म्हणाला

आबांचं म्हणणं पटलं, पण मला आकडा हवा होता. शेजारच्या कापूस घेणाऱ्याकडून दोनशे किलोचा लटकता इलेक्ट्रॉनिक काटा आणला. कडुलिंबाच्या जाड फांदीला चेनकप्पी बांधली, तिला काटा आणि काट्याला ट्रेलरच्या दांडीचं टोक. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. दांडी जीपच्या बॉलच्या उंचीला येईल एवढीच उचलायची, कारण जास्त वर किंवा खाली नेली की आकडा बदलतो. फांदीखाली पाय किंवा डोकं घालायचं नाही, हे सांगायला नको.

टाकी भरलेली, जातानाचं सामान आत: काट्यावर 75 किलो. याच अवस्थेत ट्रेलर मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर नेला, जीपपासून सोडून तोलला, 640 किलो भरला. म्हणजे दांडीवर एकूण वजनाच्या बारा टक्क्यांच्या आसपास. हे चांगलं आहे. बॉल-हुकाच्या अशा ट्रेलरसाठी दहा ते पंधरा टक्के वजन हुकावर असावं, हा अमेरिकेतला सर्वसाधारण हिशेब आहे.

मग टाकी रिकामी केली आणि मागच्या दाराशी साठ किलोचं ज्वारीचं पोतं ठेवलं, परतीच्या सामानाइतकं. काट्यावर आकडा आला 4. चार किलो! सहाशे किलोच्या ट्रेलरला पुढे धरून ठेवायला चार किलो. आबा काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसला.

कागदावरही ते जुळतं. आमच्या ट्रेलरचा आख आणि बॉल यांत 2.4 मीटर अंतर. टाकीचा मध्य आखाच्या एक मीटर पुढे. शंभर किलोचा हुकावरचा वाटा शंभर गुणिले एक भागिले 2.4, म्हणजे 42 किलो. टाकी रिकामी झाली की हे गेलं. मागचं साठ किलो सामान आखाच्या 1.2 मीटर मागे, त्याने आणखी 30 किलो हुकावरून उचलले. 75 मधून 72 गेले. एवढं गणित सातवीतला पोरगा करेल, पण मी तीन वर्षं टायर आणि बोल्ट बघत होतो.

वजन मागे गेल्यावर झुलतं का, हेही थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचे उपाय लक्षात राहतील. वाऱ्याने किंवा खड्ड्याने ट्रेलरचं शेपूट जरा बाजूला गेलं की चाकं त्याला परत रेषेत आणायला बघतात. वजन चाकांच्या पुढे असेल तर झोका एक-दोन हेलकाव्यांत मरतो. मागे असेल तर शेपटीला जडपणाची ओढ असते, ती रेषा ओलांडून पलीकडे जाते. शिवाय वेग वाढला की झोका मारण्याची चाकांची ताकद कमी पडत जाते. प्रत्येक ट्रेलरचा एक वेग असतो, त्याच्या खाली झोका विझतो आणि वर वाढत जातो. वजन मागे सरकवलं की तो वेग खाली येतो. आमचा साठवर आला होता. शेजारून मोठी गाडी गेली की आधी हवेचा धक्का आणि मागोमाग ओढ बसते, तेवढं निमित्त पुरतं.

मी काय बदललं

पाण्याची टाकी पुढच्या भिंतीवरून काढून बरोबर आखावर आणली, गादीच्या फळीखाली. आता ती भरली काय, रिकामी झाली काय, हुकावरच्या वजनाला जवळजवळ फरकच पडत नाही. टाकीच्या आत दोन आडवे पडदेही टाकून घेतले, कारण अर्धी भरलेली टाकी हेलकावे खाते आणि तिचे हेलकावे ट्रेलरच्या हेलकाव्यात मिसळतात. मागच्या भिंतीवर टांगलेली 25 किलोची स्टेपनी दांडीवर आणून बोल्टने कसली. आखाच्या 1.4 मीटर मागून ती 1.6 मीटर पुढे आली, एवढ्यानेच हुकावर 31 किलो वाढले. मागे स्टेपनी टांगलेली गाडी दिसायला झोकात दिसते खरी, पण छोट्या ट्रेलरला तो शौक परवडत नाही.

मागच्या दाराला आतून लाकडी आडकाठी लावली. तिच्या मागे फक्त घोंगड्या-उशा. लोखंड, पोती, जड जे काही असेल ते आखाच्या किंचित पुढे आणि जमिनीला धरून. वर टांगलेलं जड सामान वळणावर ट्रेलर कलंडवतं.

नंतर पुन्हा काटा लावला. जातानाच्या भरणाला 64 किलो, म्हणजे 640 चे दहा टक्के. परतीच्या भरणाला 71, म्हणजे सहाशेचे बारा टक्के. दोन्ही हिशेबात बसतात. कमीत कमी खर्चाचा उपाय हाच निघाला. वेल्डिंग आणि नळाच्या कामापलीकडे काही लागलं नाही.

जास्त वजन पुढे घालूनही चालत नाही, हे आवर्जून सांगतो, कारण माझं ऐकून एका मित्राने सगळंच सामान पुढे रचलं. त्याच्या जीपचं मागचं अंग बसलं, पुढची चाकं हलकी झाली, स्टेअरिंग तरंगायला लागलं आणि हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यांत. तुमची गाडी किती ओढू शकते आणि हुकावर किती वजन झेपतं ते गाडीच्या पुस्तकात बघा. दोन्ही आकडे पाळा. उभा ट्रेलर बाजूने बघितला तर तो सपाट किंवा पुढे जरासा झुकलेला दिसला पाहिजे. नाक वर असेल तर बॉलची उंची चुकली आहे.

तुमच्याकडे कारण वेगळं असेल तर

सगळी झुलणी वजनाची नसतात. ओळखायची सोपी खूण: रिकामा ट्रेलरही झुलत असेल तर वजनाच्या मागे लागू नका, बहुधा यंत्रात दोष आहे. भरलेलाच झुलत असेल तर आधी काटा लावा, मग पाना हातात घ्या.

रिकामा असूनही झुलतो, तर एक-एक चाक जॅकवर घेऊन वर-खाली दोन हातांनी हलवा. कडकड लागली तर बेअरिंग ढिलं आहे. वर्षभर उभ्या असलेल्या ट्रेलरचं ग्रीस सुकतं. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून चाकाच्या मधला हब हाताने चाचपा, आधी हात जवळ नेऊन बघा, मग टेकवा. कोमट ठीक. एक गरम आणि एक गार असेल तर गरम असलेला बोलतोय. टायरची हवा दोन्हीकडे सारखी हवी. भेगा असतील तर टायर काढा, नक्षी कितीही शाबूत दिसो. उन्हात उभा ट्रेलर टायर चालवून झिजवत नाही, उभ्या उभ्या वाळवतो. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, 2219 म्हणजे 2019 सालचा 22 वा आठवडा.

कपलर बसल्यावर दांडी जॅकने वर उचलून बघा. जीपचं मागचं अंग तिच्याबरोबर उचललं गेलं तरच कपलर नीट धरला आहे. बॉलवर नुसता टेकलेला कपलर पहिल्या खड्ड्यात उडतो. सुरक्षा-साखळ्या दोन हव्यात आणि दांडीखालून एकमेकींना ओलांडून न्यायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी जमिनीत न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडते.

कागदांचंही थोडक्यात: 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आहे आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसायला हवा. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवू नका. यात्रेच्या वाटेवर डब्याच्या खिडकीतून हात हलवणारी पोरं दिसतात, बघून पोटात गोळा येतो.

झुलायला लागलाच तर

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. स्टेअरिंग सरळ आणि घट्ट धरा, झोक्याच्या उलट फिरवत बसू नका, तुमचा हात नेहमी अर्ध्या झोक्याने उशिरा पोचतो आणि झोका वाढवतो. जीपचा ब्रेक कचकन दाबू नका. मी दाबला होता: जीप थांबते, ट्रेलर थांबत नाही, तो मागून ढकलतो आणि दांडीवर दुमडतो. वेग आपोआप पडू द्या. ट्रेलरला हाताने लावता येणारा वेगळा ब्रेक असेल तर फक्त तो हळू लावा, त्याने ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. "वेग वाढवला की सरळ होतो" असं सांगणारे भेटतील. त्यांच्या ट्रेलरच्या मागे चालू नका.

थांबलात की सामान लावून घ्या, मगच पुढे चला. थंडी आहे, अंधार आहे, येळवसला उशीर होतोय, सगळं खरं. तरीही.

हिवाळ्याचं वेगळं काय

आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून हिवाळ्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण परभणीकडे पहाटेचा पारा एक आकडी होतो, आणि हवेचा दाब तापमानाबरोबर उतरतो. साधारण पाच-सहा अंशांना एक पौंड. ऑक्टोबरच्या दुपारी 34 अंशांत 35 पौंड भरून ठेवलेला टायर डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांत 31 वर येतो. ढिला टायर बाजूने लवतो आणि झुलण्याला हातभार लावतो. म्हणून हवा निघायच्या आधी, टायर गार असताना तपासा. पंप स्वतःजवळ ठेवा, पहाटे चारला कोणतं दुकान उघडं असतं?

दुसरी गोष्ट गळीत हंगाम. नोव्हेंबरपासून रस्ता उसाचा असतो. शेताच्या तोंडाशी ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणलेली असते, वर पाचट सांडलेलं, त्यावर दव. दुपारी तिथे फुफाटा असतो, पहाटे साबण. अशा पट्ट्यावर ना ब्रेक, ना वळण, ना गिअर. तो येण्याआधीच वेग कमी करून सरळ पार व्हा.

आणि धुक्यात दिवा नसलेली उसाची डबल ट्रॉली. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तरी 25 मीटर गेले, आणि अजून ब्रेक लागायचाय. माझ्या ट्रेलरला ब्रेक नाहीत. युरोपात 750 किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकशिवाय चालवायची मुभा असते, आमचा त्याच्या आत बसतो. पण मुभा असणं वेगळं आणि थांबणं वेगळं. अठराशे किलोची जीप आणि वर 640 चा ट्रेलर म्हणजे तिसरा हिस्सा वजन जास्त, ब्रेक मात्र जीपच्याच चार चाकांचे. धुक्यात समोर चाळीस मीटर दिसत असेल तर मी तीसवर चालतो. त्याहून कमी दिसत असेल तर पेट्रोल पंपावर चहा. मांजरसुंब्यासारखा घाट उतरायचा असेल तर खालचा गिअर उताराच्या आधी टाका, उतारावर ब्रेक तापल्यानंतर नव्हे.

ट्रेलरचे दिवे हा हिवाळ्यातला हमखास दगा. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतात, किंवा मागचा दिवा लावल्यावर ब्रेकचा दिवा मंद होतो, तर बल्ब बदलत बसू नका. अर्थिंग गेलेलं आहे. वायर तुटली असली तरी करंट हुकाच्या बॉलमधून वाट काढतो आणि दिवे कसेबसे चालतात, बॉलला ग्रीस लावलं की तेही जातात. प्लगपासून ट्रेलरच्या चॅसिसपर्यंत वेगळी अर्थची वायर घ्या, चॅसिसवरचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर कसा आणि वरून व्हॅसलिन चोपडा. दवाने हिरवा पडलेला प्लग पॉलिश पेपरने घासा. मागे लाल आणि बाजूने पिवळी रिफ्लेक्टर पट्टी लावा. त्या ट्रॉलीवाल्यांना आपण नावं ठेवतो, निदान आपला डबा तरी दिसू दे.

रात्री डब्यात झोपणार असाल तर कोळशाची शेगडी आत घेऊ नका. दार-खिडक्या लावून पेटवलेल्या शेगडीचा विषारी वायू वास न येता माणसाला झोपेतच नेतो. माळेगावच्या मैदानात थंडी हाडात शिरते हे मला माहीत आहे. दोन घोंगड्या जास्त घ्या, तिथे मिळतातच.

एका पाहुण्याने विचारलं, जानेवारीत मनालीला नेऊ का? माझं उत्तर नको असंच आहे. नेलाच तर शून्याखाली जायच्या आधी टाकी, नळ, पाईप पूर्ण रिकामे करा. पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि पाईप फोडतं. उभं करताना ओला हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठून बसतो, चाकांना दगड लावा. बर्फावर इंजिनाने एकदम वेग पाडला तरी ट्रेलर मागून ढकलतो, त्यामुळे सगळं काही हळू. आणि जीपच्या चाकांना साखळ्या.

टाकी हलवल्यानंतर एक यात्रा झाली. परतीला चाकूरच्या अलीकडे एक एसटी अगदी खेटून गेली. आरशात बघत होतो. डबा एकदा हलला, अर्धा हेलकावा परत आला आणि थांबला. वेग तेव्हा 55 होता, त्यावर मी हल्ली जातही नाही. ही शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती, तिला कळलंही नाही.

घरी पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. कपलर उघडला आणि दांडी उचलायला वाकलो, तेवढ्यात आबा आले. त्यांनी मला बाजूला केलं, एका हाताने दांडी उचलून बघितली, हलली नाही. "हां," म्हणाले, आणि आंबिलीचं मडकं उचलून रानाकडे निघाले.